आत बसून

उपवासकाळातल्या एका रविवारी आमच्या पाळकसाहेबांनी मला वीस मिनिटं बोलायला सांगितलं. विषयही त्यांनीच दिला : हाताखालच्या माणसांना चूक कशी दाखवावी, याबद्दल पवित्र शास्त्र काय शिकवतं. "तुम्ही दहा माणसं सांभाळता, तुम्हीच बोला," म्हणाले. मी लोणंदच्या कांदाबाजारात एका अडतीवर दिवाणजी आहे. नाही म्हणता आलं नाही.

शनिवारी रात्री शास्त्र आणि वही घेऊन बसलो. वचनं शोधायला वेळ लागला नाही. पण प्रत्येक वचनाखाली एकच चेहरा दिसायला लागला. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे काट्यावर लिहायला असलेल्या पोराचा.

पहिली गोष्ट काढली ती एली याजकाची. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे. त्याची दोन मुलं, हफनी आणि फिनहास, लोकांनी देवाला आणलेल्या अर्पणातलं मांस दांडगाईनं उचलत. एली म्हातारा झाल्यावर त्यांना बोलला, पण नुसतं बोललाच. आवरलं नाही. घराण्यावर जो ठपका आला तो त्याबद्दल.

मी तर बोललोही नव्हतो. त्या पोराचे आकडे गिचमिड असायचे. एकाचा सात वाटायचा, साताचा एक. सकाळी उशिरा यायचा. तीन महिने मी त्याच्या काटापट्ट्या संध्याकाळी स्वतः दुरुस्त केल्या. मालकांकडे कुरकुर केली, घरी बायकोकडे केली, शेजारच्या गाळ्यावर चहा पिताना केली. ज्याला सांगायचं त्याला सोडून सगळ्यांना सांगितलं. हंगाम होता, माणूस सोडून गेला तर काय करायचं, हे कारण. मला वाटायचं, मी सांभाळून घेतोय.

मग एका लिलावाच्या दिवशी एक शेतकरी पट्टी घेऊन आला. त्याच्या 42 पिशव्या उतरल्या होत्या आणि पट्टीवर 35 होत्या. तीन महिन्यांचा राग त्या सात पिशव्यांवर निघाला. शेतकरी, व्यापारी, हमाल सगळे उभे होते. त्या सगळ्यांत मी ओरडलो आणि ओरडताना तोंडातून 'चोर' हा शब्द गेला. पोरगं काही बोललं नाही. कानावरची पेन्सिल काढून त्यानं काट्यावर ठेवली आणि गेलं.

दुपारी मी चष्म्याचं घर उघडलं. आत घडी केलेली दुसरी काटापट्टी. सात पिशव्या गोल्टीच्या होत्या. त्यांचं वक्कल वेगळं लावायला मीच सांगितलं होतं. त्यानं वेगळी पट्टी लिहून माझ्या हातात दिली होती आणि फोन आला म्हणून मी ती तिथं खुपसली होती. आकडा या वेळी स्वच्छ होता. सात.

शेतकऱ्याचे पैसे मी लगेच दिले. चूक कुणाची, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी गाळा झाडून झाल्यावर हमालांचे मुकादम आले. वयानं माझ्या वडिलांएवढे, गळ्यात तुळशीची माळ. म्हणाले, "दिवाणजी, जरा आत बसू. चार मान्सांत नको." आत गेल्यावर त्यांनी दार ओढून घेतलं. "गोल्टी येगळी मांडली तवा मी तिथंच हुतो. तुमी सांगितलं, त्यानं मांडली. आता तुमी काय करायचं ते तुमाला कळतंय." एवढंच. उपदेश नाही, आवाज चढलेला नाही. बाहेर पडताना दार होतं तसं उघडं ठेवून गेले.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूनं हेच सांगितलं आहे. भाऊ चुकला तर आधी तू आणि तो, दोघंच असताना सांग. नाही ऐकलं तर एक-दोघांना बरोबर घे. तेही नाही ऐकलं तर मंडळीपुढे ने. मी हा अध्याय लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि शेवटच्या पायरीवरून सुरुवात केली होती. मुकादमांनी तो वाचलेला नव्हता. त्यांना पहिली पायरी ठाऊक होती.

नंतर त्यांना विचारलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "आमच्यातबी हाय की." आषाढीला माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामाला येते. रात्री तळावर समाज आरतीला दिंड्या जमतात. चोपदारानं दंड उंचावला की टाळ थांबतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. चोपदार तिथं जातो, गाऱ्हाणं ऐकून घेतो, निवाडा होतो आणि मगच आरती होते. मी लोणंदला इतकी वर्षं राहतो. ते टाळ लांबून ऐकले होते, पण वाजत का राहतात हे ठाऊक नव्हतं. तक्रारीला ठरलेली जागा असेल तर ती चहाच्या टपरीवर जात नाही.

त्या शनिवारी रात्री मी सर्वांत जास्त वेळ अडलो तो नाथानापाशी. दावीद राजानं बथशेबेला घरात घेतलं आणि तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईच्या तोंडी देऊन मारवलं. नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला आणि एक गोष्ट सांगू लागला : श्रीमंताकडे मेंढरांचे कळप, गरिबाकडे एकच कोकरी, तीही लेकीसारखी वाढवलेली. पाहुणा आला तेव्हा श्रीमंतानं ती गरिबाची कोकरी कापली. आमच्या भागात धनगर रानात मेंढरं बसवतात. ही गोष्ट इथं कुणालाही समजावून सांगावी लागत नाही. दावीद स्वतः मेंढपाळ होता. तो संतापला, त्या श्रीमंताला शिक्षा सुनावून बसला आणि मग नाथानानं त्याच्याकडेच बोट केलं.

हा उतारा 'हाताखालच्यांना कसं सांगावं' म्हणून शिकवतात. गोष्टीतून सांगा, म्हणजे माणूस चिडत नाही. मीही वहीत तेच लिहिलं होतं. मग लक्षात आलं, इथं वरचा दावीद आहे. सांगणारा खालून आला आहे. माझ्यासारख्याला या गोष्टीत नाथानाची जागा नाही, गादीवरचीच आहे. आणि आणखी एक. नाथान बोलून निघून गेला नाही. दावीद म्हातारा होऊन पडला, गादीचा प्रश्न आला, तेव्हा नाथान पुन्हा त्याच्या खोलीत आहे.

पौलानं मात्र पेत्राला अंत्युखियात सगळ्यांदेखत सुनावलं. पेत्र परक्या जातींच्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमेहून माणसं आली तेव्हा भिऊन पंगतीतून उठला. पंगत मोडली ती चारचौघांत, म्हणून बोलणंही चारचौघांत. मला याचा उलटा अर्थ लागला. मी शिवी चारचौघांत दिली होती, तर माफीही तिथंच मागायला हवी होती.

मागितली. मुकादम बोलून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, लिलाव सुरू व्हायच्या आधी. चष्म्याचं घर हातात धरून सांगितलं. कुणी खोकलं, कुणी मोबाइल बघत राहिलं. ज्यानं ऐकायला हवं होतं तो नव्हता. त्याच्या घरी गेलो तर आई म्हणाली, बाहेर गेलाय. आतल्या खोलीत पंखा चालू होता.

आठवड्यानं तो राहिलेला पगार घ्यायला आला. कुठल्याशा कारखान्यात लागला होता. गाळ्यात गर्दी होती. मी पैसे मोजून दिले, वही सही करायला पुढं केली. त्यानं आकड्यांवरून नजर फिरवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. हजेरीचा एक दिवस मी जास्त धरला होता. काही न बोलता त्यानं एका दिवसाचे पैसे वहीच्या पानाखाली सरकवले, सही केली. शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही काही कळलं नाही.

रविवारी मी वीस मिनिटांऐवजी सहाच मिनिटं बोललो. एवढंच सांगितलं.