काळी यादी

परवा लॅपटॉप पुन्हा गोठला. पडदा आहे तसाच, माउस हलेना, आणि कॅप्स लॉकचा दिवा मात्र लुकलुकतोय. लिनक्समधला कर्नल, म्हणजे सगळ्या यंत्राचा कारभारी, असा हात टेकतो तेव्हा त्याला 'कर्नल पॅनिक' म्हणतात. मी मराठी माध्यमातली बीए. पण निवृत्तीनंतर नातवाने हे खूळ डोक्यात घातलं, ते आता सुटत नाही!

पहिली शंका नव्या अपडेटवर. सुरू होतानाच्या यादीतून जुना कर्नल निवडला. दोन दिवस ठीक, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग जर्नलसीटीएलने आधीच्या वेळची नोंद उघडली. तिच्यात वायफायच्या ड्रायव्हरचं नाव. सापडला चोर! त्याला ब्लॅकलिस्ट केलं, म्हणजे चक्क काळ्या यादीत टाकलं, आणि नेटसाठी वायर जोडली. तरी लॅपटॉप गोठलाच. आता नोंदीत फाइल सिस्टीमचं नाव, पुढच्या वेळी ब्राउझरचं.

नातू फोनवर म्हणाला, "आजी, नाव दर वेळी बदलतंय ना? मग रॅम तपास. नोंदीत ज्याचं नाव येतं तो त्या क्षणी काम करत होता, एवढंच. त्याच्या हातात चुकीचा आकडा कुणी दिला, ते तिथे लिहिलेलं नसतं."

रात्रभर मेमटेस्ट ८६ प्लस चालवलं. सकाळी पडद्यावर लाल ओळी! बॅटरी सोडवून रॅमच्या दोन पट्ट्या काढल्या, एकेक लावून तपासली. एक स्वच्छ, दुसरी सदोष. सदोष पट्टी दुसऱ्या खाचेत लावूनही तेच, म्हणजे खाच निर्दोष. आता एकाच पट्टीवर आठवडा झाला, लॅपटॉप जरा हळू पण सुरळीत चालतोय.

पण नातवाचं ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

१९८९ साली माझ्या सातवीच्या वर्गात खेळाच्या तासाला दप्तरांतून पैसे जात. एका मुलाचा पाय अधू होता, तो त्या तासाला वर्गातच बसे. दर वेळी तोच तिथे! मी त्याला शेवटच्या बाकावर एकटं बसवलं, वडिलांना बोलावून घेतलं. तो एवढंच म्हणाला, "बाई, मी फक्त बसलेलो असतो." दिवाळीनंतर तो शाळेत आलाच नाही. चोऱ्या चालूच राहिल्या. पुढे घेणारा सापडला, दुसऱ्या तुकडीतला. मी मुख्याध्यापकांना कळवलं, आणि त्या मुलाच्या घरी जायचं मात्र 'उद्या, उद्या' करत राहिले.

वायफायचा ड्रायव्हर काळ्या यादीतून काढायला एक ओळ पुसावी लागली. मिनिटभराचं काम.

तो आता पन्नाशीत असेल. जुन्या विद्यार्थ्यांकडे पत्ता विचारायला सुरुवात केली आहे. काय बोलायचं ते ठरलेलं नाही. असो. या वेळी 'उद्या' म्हणायचं नाही, एवढं मात्र ठरलंय.