तीस ब्रास

सप्टेंबर २०२२ मध्ये आजी ओट्यावरून पडली, तेव्हा अँब्युलन्स वेळेवर आली होती. पण डांबरी सडकेपर्यंतच. आमची वस्ती तिथून सहाशे फूट आत. माजलगाव तालुक्यातली काळी माती, पावसाळ्यात या सहाशे फुटांत ट्रॅक्टरसुद्धा रुततो. चौघांनी आजीला बाजेवर घालून नेलं. खुब्याचं हाड मोडलेलं होतं. मी पुण्यात मीटिंगमध्ये. अण्णा फोनवर एवढंच म्हणाले, "नेलं. पर लई हाललं तिला."

उन्हाळ्यात बोनस आला आणि मी ठरवलं, रस्त्यावर मुरूम टाकायचा. अण्णांना विचारलं नाही, सांगितलं.

मुरूम ब्रासवर मिळतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. माझं गणित एका ओळीचं होतं: ६०० फूट लांब, १० फूट रुंद, अर्धा फूट जाड. तीन हजार घनफूट, म्हणजे तीस ब्रास. गावात एक ट्रॉली म्हणजे एक ब्रास असंच धरतात. धारूरच्या बाजूनं, बालाघाटाच्या टेकड्यांकडून माल आला. तीस ट्रॉल्या मोजून घेतल्या, रोलर फिरवला, फोटो काढून ग्रुपवर टाकले. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांचा घरच्यांना झालेला पहिला उपयोग, असं मला मनापासून वाटत होतं.

जुलैत रस्ता दिसेनासा झाला. सगळा नाही, पण मधला ऐंशी फुटांचा सखल तुकडा मातीनं गिळला. अण्णांची मोटरसायकल तिथंच आडवी झाली. मला ते आठ दिवसांनी आईकडून कळलं.

मग मी टेप घेऊन बसलो, जे आधी करायला हवं होतं. ट्रॉली आतून १० फूट बाय ६ फूट, उंची दीड फूट. नव्वद घनफूट. वर शीग भरतात खरी, पण खड्ड्यांतून येता येता ती खाली बसते. म्हणजे तीस ट्रॉल्यांत सत्तावीसच ब्रास. त्यात सैल मुरूम रोलरखाली दबतो. सव्वा ते दीडपट माल जास्त धरावा लागतो. माझा सहा इंचांचा थर प्रत्यक्षात जेमतेम चार इंचांचा होता.

पण खरी चूक खालच्या मातीची होती. मी रस्ता म्हणजे तळ असलेला डबा धरला होता. काळ्या मातीला तसा तळ नसतो. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यात मुरूम उतरतो. पावसात ती फुगते, लोण्यासारखी मऊ होते आणि चाकाच्या दाबानं खडे खाली, गाळ वर. वरून कितीही ओता.

"आधी पाणी काढाय पायजे व्हतं," अण्णा म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तू कुठं इचारलं?"

चर काढायचा तर पाणी शेजाऱ्यांच्या रानात जाणार, आणि त्यांच्याशी आमचं दहा वर्षं बोलणं नव्हतं. हे माझ्या एक्सेल शीटमध्ये कुठंच नव्हतं. अण्णा एका संध्याकाळी एकटेच जाऊन आले. आमच्या बाजूची दोन फूट पट्टी सोडून चर ओढ्यापर्यंत न्यायचा असं ठरलं. काय बोलणं झालं ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आधी चर, मग सखल तुकड्यात मोठं डबर, त्यावर मुरूम. आणि यंदा एक ढीग राखीव. तो मी सडकेला लागून टाकायला सांगणार होतो, ट्रॉलीला सोपं म्हणून. तेव्हा माझा एक टीममेट आठवला, मिनेसोटात राहणारा. फार कडक थंडीत मीठ बर्फ वितळवत नाही, म्हणून तो घरासमोरच्या उतारावर बारीक खडी टाकतो. खडीचा डबा मात्र दाराशी. गाडी निघण्याआधीच ती लागते. आमचंही तेच: रस्ता फुटल्यावर सडकेकडचा मुरूम घराकडं आणणार कसा?

म्हणून ढीग जुन्या खळ्यावर, उंच आणि टणक जागेवर, मिरगाच्या आधी. वर ताडपत्री. उघडा ठेवला तर पाऊस मुरमातली बारीक माती धुऊन नेतो आणि नुसते खडे उरतात. ते एकमेकांना धरत नाहीत. ढीग मोजायला मात्र ट्रॉलीवाल्याचा शब्द नको, दोरी पुरते. घेर ५० फूट निघाला, म्हणजे त्रिज्या साधारण ८. उंची ५. शंकूच्या सूत्रानं ३३५ घनफूट, तीन ब्रासांच्या थोडा वर. अण्णांनी नुसतं बघून "तीन-साडेतीन" सांगितलं होतं.

आजी आता वॉकर घेऊन ओट्यापर्यंत येते. ढिगावर पोरं चढली की तिथूनच ओरडते.

परवा रात्री अण्णांचा फोन आला. दोन दिवस झड लागलेली. "बारा टोपली टाकली आज." मी शीटमध्ये लिहून घेतलं. मागून आजीचा आवाज येत होता, ताडपत्री परत झाकली का इचार त्याला.