अंदाजपंचे

माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं हुशार असतात, आणि तीच खरी पंचाईत. वाचता येत नाही याचा पत्ता त्यांनी तिसरी-चौथीपर्यंत कुणाला लागू दिलेला नसतो. चित्र बघायचं, पहिलं अक्षर ओळखायचं आणि बाकीचा शब्द अंदाजपंचे ठोकून द्यायचा. 'बदक' लिहिलेलं असतं, शेजारी तळ्याचं चित्र दिसतं, की 'बेडूक' म्हणून मोकळे! वर्गात दोनदा ऐकलेला धडा तर तोंडपाठच असतो. "अहो ताई, वाचतो छान, नुसता आळशी आहे," असं आई सांगते. मग त्याच धड्यातली वाक्यं मी उलटसुलट क्रमाने कोऱ्या कागदावर लिहून त्याच्यापुढे ठेवते.

म्हणून माझी सुरुवात अर्थ नसलेल्या शब्दांपासून. 'टिमुब', 'भोरक', 'घधाम'. यांना चित्र नाही, मागचापुढचा संदर्भ नाही. अक्षरन् अक्षर फोडूनच म्हणावं लागतं. मुलांना मजा वाटते. थोड्या दिवसांनी ती स्वतः असले शब्द तयार करून मला वाचायला लावतात.

या मुलांच्या अडचणीचं नाव डिस्लेक्सिया. तिचा बुद्धीशी संबंध नाही. बोललेल्या शब्दातले ध्वनी सुटे करणं आणि त्यांची अक्षरांशी सांगड घालणं, अडतं ते तिथे. अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि अ‍ॅना गिलिंगहॅम यांनी १९३०च्या दशकात जी पद्धत बसवली, तिच्यात डोळा, कान, तोंड आणि हात एकाच वेळी कामाला लावतात. ती इंग्रजीसाठी होती. मराठीसाठी तिला मुरड घालावी लागते. आपण जसं बोलतो तसं लिहितो, हे अर्धंच खरं. 'कि'ची वेलांटी दिसते आधी, ऐकू येते मागाहून. रफार तर त्याहून लबाड. 'पर्वत'मधला र् ऐकू येतो 'व'च्या आधी आणि बसतो त्याच्या डोक्यावर. मग मूल 'पवर्त' लिहितं. (लग्नपत्रिकेत 'आर्शिवाद' छापणाऱ्यांना मात्र कुणी तपासणीला पाठवत नाही.)

मी पिवळ्या कार्डशीटचा एक रफार कापून ठेवलाय. मूल शब्द सावकाश म्हणतं आणि कानावर येणाऱ्या प्रत्येक तुकड्याला एक चिंचोका पुढे सरकवतं: प, र्, व, त. दुसऱ्या चिंचोक्याशी थांबायचं. त्या जागी पिवळा तुकडा ठेवायचा, आणि मग तो आपल्या हाताने उचलून पुढच्या अक्षराच्या माथ्यावर नेऊन बसवायचा. त्यानंतर तोच शब्द परातीतल्या रव्यात बोटाने लिहायचा, मोठ्याने म्हणत. 'पर्वत' झाला की 'सर्प', 'वर्ग', 'सूर्य'. आठवडेच्या आठवडे रफारच. "पुढचं कधी घेणार?" असं पालक विचारतात. पण घाई केली की मूल पुन्हा अंदाजावर येतं. ती सवय जुनी आणि सोयीची.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणींचा, समावेश झाला. प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. ते जरूर घ्यावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण कागद हाती आला की काही घरं इतकी निर्धास्त होतात, की शिकवणीच बंद! जो प्रश्न वाचताच येत नाही, त्याच्याकडे मग मूल जादा वेळ बघत बसतं.

अंदाज सुटू लागला की आधी वाचनाचा वेग पडतो. भराभर चुकीचं वाचणारं मूल शब्दाशब्दाला अडखळू लागतं. "ताई, हा तर मागे गेला," म्हणून फोन येतात. अशा वेळी मी घरच्यांना एकच काम देते: तो अडला तरी शब्द पुरवायचा नाही. रव्याची परात, चिंचोके, सगळं ते हौसेने जमवतात. हे एवढं मात्र त्यांना काही केल्या जमत नाही.