शंभरामागे पाच

महासंघाची सगळी मालमत्ता एका पत्र्याच्या पेटीत मावत होती. वनहक्क दाव्यांच्या झेरॉक्स, गावागावांचे ठराव, दोन शिक्के, वाळून कडक झालेलं स्टॅम्प पॅड आणि कापडी पिशवीत कोंबलेल्या पावत्या. त्यातल्या बऱ्याच वाळवीनं आधीच तपासून टाकल्या होत्या. "म्याडम, हिशेब याच्यातच आहे," असं म्हणून अध्यक्षांनी पेटी माझ्यापुढे सरकवली आणि ते बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

ही फेब्रुवारी 2016 मधली गोष्ट. बँकेत 32 वर्षं काढून मी निवृत्त झाले होते आणि घरात बसून कंटाळले होते. गडचिरोलीत काम करणाऱ्या एका ओळखीच्या कार्यकर्त्यानं विचारलं, 21 गावांच्या ग्रामसभांनी मिळून महासंघ केला आहे, त्यांना हिशेब ठेवायला शिकवाल का? मी लगेच हो म्हटलं. नागपूरच्या इतवारीहून नागभीडपर्यंत रमतगमत जाणारी नॅरो गेजची गाडी, तिथून वडसा, जे तेव्हा जिल्ह्यातलं एकमेव रेल्वे स्टेशन होतं, आणि पुढे एसटी. पहिल्या खेपेला मी चार कोऱ्या वह्या, कार्बन पेपर आणि स्वतःबद्दलचा भरपूर विश्वास घेऊन गेले.

काम का निघालं होतं, ते थोडं सांगायला हवं. 2006 च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक वनहक्क दिले. त्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये 1,800 हेक्टरांवर जंगलाचा हक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीच्यांमध्ये. मग इतर गावांनीही दावे टाकले आणि हळूहळू हक्कपत्रं हातात आली. पुढे पेसा कायद्याखाली येणाऱ्या आदिवासी गावांत तेंदूपत्ता वनखात्यामार्फत विकायचा की स्वतः, हे ठरवणं ग्रामसभेकडे आलं. या 21 गावांनी ठरवलं, आपणच विकायचा. एकेकट्या गावाला ठेकेदार दाद देत नाही, म्हणून महासंघ.

तेंदूचा हंगाम मे महिन्यातले पंधरा-एक दिवस. पहाटे जंगलात जायचं, दुपारपर्यंत पानं तोडून आणायची, घरभर बसून 70-70 पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फडावर द्यायचे. तिथं ठेकेदाराचा मुन्शी मोजून घेतो. पुडे ओळींनी उन्हात वाळतात, मजूर ते पलटवतात, मग पोत्यात भरतात. 1,000 पुड्यांची एक प्रमाण गोणी. वर्षाची रोकड या पंधरा दिवसांत येते. पोरांची फी, लग्न, बी-बियाणं सगळं त्यावर. आणि आता ती रक्कम आधी महासंघाच्या खात्यात येणार आणि तिथून गावागावांत वाटली जाणार होती. ज्यांनी आजवर ग्रामपंचायतीचा जमाखर्चही कधी पाहिला नव्हता, त्यांच्या खात्यात एकदम काही लाख.

मी शिकवायला लागले. पहिल्या वर्गाला 40 जण आले, कारण जेवण होतं. रोजकीर्द, खतावणी, पावती पुस्तक, बँकेशी जुळवणी. नावे आणि जमा या दोन शब्दांवर आमचा अख्खा दिवस गेला. बँकेतून काढले तर बँकेच्या खात्यात जमा आणि आपल्या हातात नावे, हे ऐकून एक म्हातारे गृहस्थ उठून बाहेर गेले. पुन्हा आलेच नाहीत. सहाव्या वर्गापर्यंत सहा जण उरले. त्यातला एकच जण पुढे धावत होता.

बारावी झालेला, चुणचुणीत पोरगा. वही त्याला पंधरा दिवसांत आली. एका देणगीदार संस्थेनं लॅपटॉप दिला, मी टॅली शिकवलं, तेही आलं. मला फार आनंद झाला. निवृत्तीनंतर असा विद्यार्थी मिळणं म्हणजे भाग्य, असं मी नागपूरला सगळ्यांना सांगत होते. देणगीदारांना अहवाल जायचा त्यात ‘क्षमताबांधणी’ असं एक कलम होतं. त्याखाली किती दिवस प्रशिक्षण, किती महिला, किती पुरुष, फोटो. आम्ही ते बिनचूक भरत होतो.

2017 चा हंगाम चांगला गेला. करार महासंघाच्या नावानं, रक्कम खात्यात आली, मजुरी लोकांच्या खात्यात गेली. त्या पोरानं केलेला ताळेबंद ठेकेदाराच्या कागदाशी रुपयाला रुपया जुळला. मी ते पत्रक हातात घेऊन दोनदा वाचलं. बँकेतल्या माणसाला जुळलेल्या हिशेबाचं जे सुख असतं ते इतरांना समजावून सांगता येत नाही.

जूनच्या सभेत त्यानं ताळेबंद वाचला. दीडशे माणसं बसली होती. कुणी काही विचारलं नाही. मला वाटलं, समाधान झालं. आता आठवतं, त्याआधीच्या वर्षी, हिशेब पिशवीत असताना, याच सभेत तीन तास भांडण झालं होतं. शिक्क्याचे पैसे किती, जीपचं डिझेल किती, अमक्याच्या जेवणाचं कशाला. आता ‘येणे-देणे’ आणि ‘संचित शिल्लक’ असं छापलेल्या कागदापुढे सगळे गप्प होते. ती शांतता मी माझ्या खात्यात जमा करून टाकली.

जुलैच्या सुरुवातीला पोरगा पोलीस भरतीत लागला. सगळ्या तालुक्यात पेढे वाटले. पगाराची नोकरी, त्याला कोण थांबवणार? मीही फोनवर अभिनंदन केलं. लॅपटॉप त्यानं प्रामाणिकपणे अध्यक्षांकडे सोपवला, पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला. चिठ्ठी पावसाळ्यात कुठेतरी गेली. त्यात त्याचा दोष काढायला जागा नाही. सगळं एका माणसाच्या डोक्यात भरलं ते मी.

तेंदूपत्ता विकणाऱ्यानं तेव्हा ठेकेदाराकडून 5 टक्के आयकर वसूल करून सरकारात भरायचा असे आणि दर तिमाहीला त्याचं विवरणपत्र द्यायचं असे. कर त्यानं जाण्याआधी भरला होता. विवरणपत्र 15 जुलैपर्यंत द्यायचं ते राहिलं. माझ्या पायाचं ऑपरेशन झालेलं, मी सप्टेंबरात पोचले, विवरणपत्र 23 तारखेला गेलं. 70 दिवसांचा उशीर, दिवसाला 200 रुपये, म्हणजे 14,000 रुपये विलंब शुल्क. मी ओशाळून सभेत सांगितलं. मागून एक बाई म्हणाली, "सत्तर? पुड्यात पानं असतात तेवढे दिवस." सगळे हसले. मला हसू येईना.

त्या हसण्यानंतर मात्र सभा बोलायला लागली. दोन महिने दबलेलं बाहेर आलं. पोरानं पैसे खाल्ले असतील. त्याच्या बापानं मोटरसायकल कशी घेतली? मी तावातावानं त्याची बाजू घेतली. म्हटलं, एक-एक नोंद ठेकेदाराच्या कागदाशी जुळते, मी स्वतः पाहिली आहे. तेव्हा एका गावची म्हातारी, जी फडावर पुडे पलटवायचं काम करायची, गोंडीत काहीतरी म्हणाली. शेजारच्यानं मराठीत सांगितलं, "ती म्हणते, ठेकेदाराचा कागद तर ठेकेदाराचाच. त्याच्याशी जुळला म्हणून काय झालं? माझ्या भिंतीशी जुळतो का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो. आतल्या भिंतीवर, चुलीच्या बाजूला, कोळशाच्या रेघा होत्या. पलटाईची मजुरी ओळींवर मिळते. मुन्शी कमी ओळी लिहितो हा तिचा जुना अनुभव, म्हणून रोज संध्याकाळी दहा ओळींना एक उभी रेघ, उरलेल्या सुट्या ओळींचे ठिपके, दिवस बदलला की आडवी रेघ. ओळ नेहमी 100 पुड्यांची. मी वहीत उतरवत गेले, तिची नात मोठ्यानं मोजत गेली. एकूण 1,732 ओळी. म्हणजे 173 गोण्यांच्या वर. आमच्या ताळेबंदात त्या गावाच्या नावावर गोण्या होत्या 165.

मी तीनदा बेरीज केली. मग बरोबर आलेल्या दोन पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एक जण अगदी सहज म्हणाला, "ते शंभरामागे पाच असतील जी."

शंभरामागे पाच म्हणजे काय? तर फडावर 105 पुडे द्यायचे आणि मुन्शीनं 100 लिहायचे. पाच फाटक्या, किडक्या पानांपोटी. बापजाद्यांपासून चालत आलेलं. 21 गावांतल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. करारात त्याचा एक शब्द नव्हता. माझ्या वर्गात सहा दिवसांत ते कुणी बोललं नाही, कारण मी पावती कशी लिहायची ते सांगत होते; पावतीवर येण्याआधी पुड्यांचं काय होतं, हे मी विचारलंच नव्हतं. आमचा हिशेब रुपयाला रुपया जुळत होता, कारण दोन्ही बाजूंचा आकडा त्या मुन्शीच्याच वहीतून आला होता.

"हे सभेत का नाही सांगितलं?" मी विचारलं. तो म्हणाला, "तुमचा कागद पक्का होता ना."

दिवाळी तोंडावर होती, म्हातारीला भिंत पोतारायची होती. पोतारण्याआधी आम्ही मोबाइलवर फोटो काढले. इतर गावांत अशी भिंत कुणाकडे नव्हती, पण आठवणी होत्या, आणि दोन गावांत पोती भरणाऱ्यांनी मोजदाद ठेवली होती. ती घेऊन पाच जण ठेकेदाराकडे गेले. मला नेलं नाही. खूप बोलाचाली झाली, शेवटी कमी लिहिलेल्या गोण्यांपैकी निम्म्यांचे पैसे मिळाले आणि पुढच्या करारात ‘मोजलेला पुडा म्हणजे लिहिलेला पुडा’ हे वाक्य घालून घेतलं. ते वाक्य त्यांचंच आहे. वकिलानं ते बदलायचा प्रयत्न केला, त्यांनी बदलू दिलं नाही.

त्या हिवाळ्यात काही जण मेंढ्याला जाऊन आले. तिथल्या ग्रामसभेच्या कामातले जुने कार्यकर्ते देवाजी तोफा यांना भेटले, गावच्या अभ्यास गटात बसले. परत आल्यावर मी विचारलं, काय पाहिलं? मला वाटलं, ते गाव ज्यासाठी ओळखलं जातं त्या बांबूचं, सर्वसहमतीचं काही सांगतील. खजिनदार बाई म्हणाली, "तिथं लोक समजलं नाही तर समजलं नाही म्हणतात. आपण मान हलवतो."

मग आम्ही बसून एक साधी वाटणी केली. महासंघाला स्वतःला काय आलंच पाहिजे आणि काय पैसे देऊन करून घेता येईल. आयकर, विवरणपत्र, टॅली, ऑडिट हे सगळं वडशाच्या एका कर सल्लागाराकडे वार्षिक फी ठरवून दिलं. ज्यावर मी दीड वर्ष घालवलं होतं ते काही हजारांत बाजारात मिळत होतं, हे गिळायला मला जरा वेळ लागला. फडावरची मोजणी, दर ठरवणं, पैसे कुणाला आणि का दिले याचा जाब घेणं, हे बाजारात मिळत नाही. ते गावात राहिलं. फडावर मुन्शीच्या शेजारी गावाचा एक पुरुष आणि एक बाई बसणार, दर तीन दिवसांनी जोडी बदलणार. महिन्याचा जमाखर्च समाजमंदिराच्या भिंतीवर पाच रकान्यांत, अध्यक्षाच्या हस्ताक्षरात नाही, ज्याची पाळी त्याच्या. सभेत तो आधी गोंडीत वाचायचा, मग मराठीत. आणि एक ठराव माझ्या आग्रहानं झाला: 100 रुपयांच्या वरचा कुठलाही खर्च पावतीशिवाय मंजूर होणार नाही, कुणाचाही.

पाळीनं लिहिल्यानं अक्षर वाईट आणि चुका भरपूर. एका महिन्यात चहाचे 340 रुपये दोनदा पडले. पण त्या चुकीवर सभेत अर्धा तास वाद झाला आणि मला पाहिजे होतं ते भांडण परत आलं. देणगीदारांच्या अहवालात हे कुठल्या कलमाखाली लिहायचं ते मला शेवटपर्यंत सुचलं नाही.

ऑक्टोबर 2018 मध्ये मी पुन्हा गेले, यावेळी नागपूरहून थेट एसटीनं, पाय अजून दुखत होता म्हणून. दिवसभर सभा गोंडीतच चालली. मला मधूनमधून शिल्लक, हप्ता, मुन्शी एवढेच शब्द कळत होते. कुणी भाषांतर करून सांगितलं नाही आणि मीही मागितलं नाही. संध्याकाळी खजिनदार बाईनं माझ्या प्रवासखर्चाचं व्हाउचर पुढे केलं आणि तिकीट मागितलं. पर्समधून काढलं तर घामानं आणि उन्हानं मशीनच्या तिकिटावरची सगळी शाई उडालेली. कोरा कागद.

तिनं तो उजेडात धरला. शेजारच्याला दिला, त्यानं उलटा करून पाहिला, मग अध्यक्षांनी पाहिला. तिघांत गोंडीत काही बोलणं झालं. मी म्हटलं, राहू द्या. ती म्हणाली, "राहू कसं द्यायचं? ठराव आहे." मग तिनं व्हाउचरवरचा आकडा खोडला, बाजूला सही केली, 100 रुपये लिहिले आणि पेटीतून शंभराची नोट काढून मोजल्यासारखं करून माझ्या हातात दिली. पेनही दिलं, कारण सही राहिली होती.