दुपारी एक वाजता घरी कोण असतं?

गेल्या आठवड्यात एका मित्राचा फोन आला. नवरा-बायको दोघंही नोकरीला, मुलगा पुण्यात शिकायला. म्हणाला, "कुठं एखादं पिल्लू असलं तर सांग. घराला राखण होईल आणि हिलाही जरा करमेल."

मी विचारलं, "दुपारी एक वाजता तुमच्या घरी कोण असतं?"

तो हसला. "अरे, कोण नसतं म्हणून तर कुत्रं पाहिजे."

फोनवर त्याला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय. पोस्ट जरा लांब आहे. यातली चूक माझी स्वतःची आहे.

मागच्या जुलैत, भर पावसात, मुलगी शाळेतून येताना एक गावठी पिल्लू घेऊन आली. मंडईजवळ हातगाड्याखाली भिजत बसलेलं. रंग भाजलेल्या शेंगदाण्याचा, म्हणून नाव शेंग्या. जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दात बघितले, दोन महिन्यांचं असेल म्हणाले, जंताचं औषध दिलं आणि लसींच्या तारखा कागदावर लिहून दिल्या. पहिले आठ दिवस घरात सण असल्यासारखे गेले. मी आणि मुलगी आलटूनपालटून घरी थांबलो.

मग आमचा नेहमीचा आठवडा सुरू झाला. बायको झेडपीच्या शाळेवर शिक्षिका, ती नऊलाच बाहेर पडते. मुलगी साडेदहाला. मी तालुक्याचा वार्ताहर. तहसील, पंचायत समिती, बाजार समिती, पोलीस ठाणे असं फिरत फिरत संध्याकाळ होते. घरात सोडलं तर पिल्लू घाण करणार, चपला फाडणार. म्हणून परसात पत्र्याखाली नायलॉनच्या दोरीनं बांधलं. वाडग्यात पाणी, ताटलीत दूध-पोळी. सावली आहे, पाणी आहे, खायला आहे, कुत्र्याला अजून काय लागतं? हे वाक्य माझंच. मी ते घरात दोन-तीनदा बोललोय.

दोन आठवड्यांनी, एका रविवारी शेजारच्या काकू आल्या. काकांची बायपास झालेली आहे, दुपारी त्यांना झोप लागते. काकू म्हणाल्या, "भाऊ, तुमचं पिलू लई रडतंय बघा दिवसभर."

मला ते टोचलं. आम्ही घरी आलो की शेंग्या शेपटी हलवत नाचायचा. रडतं कुठं? मला वाटलं, काकूंना कुत्र्याचाच त्रास होतोय, सरळ बोलायचं नाही म्हणून असं सांगतायत. पंचवीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाला पुरावा लागतो. म्हणून मंगळवारी निघताना मी जुना मोबाईल परसातल्या खिडकीत चार्जिंगला लावला आणि रेकॉर्डिंग चालू करून ठेवलं.

तो मंगळवार माझ्या लक्षात आहे, कारण आदल्याच दिवशी, ११ ऑगस्ट २०२५ ला, दिल्ली आणि आसपासची भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला होता. डेस्कवरून फोन : आपल्या गावातल्या लोकांच्या प्रतिक्रिया पाहिजेत. मी दिवसभर एसटी स्टँड, भाजी मंडई, दवाखान्याबाहेर फिरलो. लोक चिडून बोलत होते आणि त्यांचं चुकीचं नव्हतं. ज्याच्या लेकराला कुत्रं चावलंय तो शांतपणे कसा बोलेल? संध्याकाळी घरी येऊन बातमी टाईप करत बसलो.

तेवढ्यात काकू पुन्हा दारात. "भाऊ, त्याची दोरी तेवढी सोडा."

मी मान वर न करता म्हणलं, "बघतो काकू." त्या दोन मिनिटं थांबल्या आणि गेल्या.

बातमी पाठवून झाल्यावर, रात्री अकराच्या सुमारास, मी इअरफोन घालून रेकॉर्डिंग लावलं. साडेसहा तासांचं होतं. पुढं सरकवत ऐकायचं ठरवलं होतं.

गेटला कुलूप लावल्याचा आवाज. मग केकाटणं. पंधरा-वीस मिनिटं एकसारखं. मग कण्हल्यासारखा बारीक आवाज. मग शांत. गल्लीतून एखादी मोटारसायकल गेली की पुन्हा धडपड, पुन्हा केकाटणं, कारण माझी गाडीही तशीच वाजते. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. मध्येच भिंतीपलीकडून काकूंचा आवाज : "उगी बाळा, येतील हं पोरीची शाळा सुटली की." थोड्या वेळानं पुन्हा त्याच : "काय रं, पाणी सांडलंस व्हय?"

एक वाजून गेल्यानंतर कुठंतरी पत्रा वाजला. दोरी कशाला तरी घासल्याचा आवाज. मग केकाटणं एकदम बंद झालं आणि घशातून घरघर यायला लागली. काकू ओरडल्या, "अरे ये की लवकर, फास बसलाय त्याला! भिंतीवरून उडी मार, गेटाला कुलूप हाय!" धप्प आवाज. कुणीतरी पोरगा धापा टाकत, "काकू, कात्री द्या, कात्री." मग बराच वेळ काही नाही. मग शेंग्याचा खोकला.

मी उठून परसात गेलो. बॅटरीच्या उजेडात बघितलं. दोरी निम्मी झाली होती आणि कापलेल्या टोकाला कुणीतरी नीट गाठ मारून ठेवली होती. संध्याकाळी मीच त्याला घरात घेतलं होतं, तरी माझ्या डोळ्याला ते दिसलं नव्हतं. काकूंचा कॉलेजला जाणारा पुतण्या त्या दिवशी घरी होता, म्हणून ते पिल्लू वाचलं.

सकाळी काकूंकडं गेलो. म्हणलं, "काकू, एवढं झालं ते सांगितलं का नाही?" त्या म्हणाल्या, "तुम्ही कामात होता. आणि सांगितलं की, दोरी सोडा म्हणून."

त्याच सकाळी छापून आलेल्या माझ्या बातमीत बेजबाबदार लोकांबद्दल एक कडक वाक्य होतं.

नंतर मी कायदा काढून वाचला. प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठीचा १९६० चा कायदा, कलम ११. मारहाण तर त्यात आहेच. पण सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकानं पुरेसं हिंडवलं-फिरवलं नाही तर तोही गुन्हा आहे, आणि हे कुत्र्याचं नाव घेऊन लिहिलंय. आखूड साखळीला अवाजवी वेळ बांधणं हा गुन्हा. उपासमार होईल अशा अवस्थेत सोडून देणं हा गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५०. म्हणजे कायद्याच्या भीतीनं कुणी सुधारेल असं काही नाही. आपलं आपल्यालाच बघायचंय.

दवाखान्यात डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांच्याकडं दिवसभर म्हशी आणि शेळ्याच येतात. ते म्हणाले, "म्हैस बांधली तर रवंथ करत बसते. ह्याला काय काम आहे?" मग त्यांनी ढोबळ हिशेब दिला : पिल्लू जेवढ्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, साधारण तेवढे तास ते लघवी धरू शकतं. तीन महिन्यांचं पिल्लू म्हणजे फार तर चार तास. आमचा शेंग्या सात तास दोन हात दोरीवर. जिथं केलं तिथंच बसायचं, दुसरीकडं सरकायला जागा नाही.

मग आम्ही जे केलं ते सांगतो. त्यात खर्च फारसा नाही.

दोरी काढली. स्वयंपाकघरामागची लहान खोली रिकामी केली. वायरी वर बांधल्या, उंदराचं औषध आणि फिनेल बाहेर काढलं, एका कोपऱ्यात जुनी वर्तमानपत्रं पसरली (तेवढी आमच्या घरात कमी नाहीत). सकाळी निघायच्या आधी अर्धा तास चालवून आणायचं, कारण दमलेलं पिल्लू झोपतं आणि या वयाची पिल्लं दिवसातला बहुतेक वेळ झोपेतच काढतात. जुन्या टॉवेलात भाकरीचे तुकडे गुंडाळून ठेवायचे, ते शोधण्यात त्याचा वेळ जातो.

आणि एकटं राहायला शिकवायचं. हे मला माहीतच नव्हतं. गाडीची किल्ली वाजवायची, बाहेर जायचं आणि एका मिनिटात परत यायचं. मग पाच मिनिटं, दहा, अर्धा तास. जाताना लाडीगोडी नाही, आल्यावर गोंधळ नाही. तीन आठवडे हे चाललं. शेजारी बघून हसायचे, पत्रकार दहा वेळा घराबाहेर जातोय आणि परत येतोय.

दुपारी एकला मी घरी येतो. तहसीलपासून गाडीवर दहा मिनिटं. मला जमलं नाही तर काकूंकडं किल्ली आहे. किल्ली मी घाबरत घाबरत दिली, त्यांनी हसून घेतली.

तरी सगळं जमलंय असं नाही. निवडणुकीच्या धावपळीत एक दिवस मी अडकलो, काकू गावाला, बायको-मुलगी लग्नाला. सात वाजता दार उघडलं. खोली कोरडी होती. शेंग्या माझ्याकडं न बघता परसात पळाला आणि कितीतरी वेळ एका जागी पाय वर करून उभा राहिला. मी दाराशी उभा होतो, मला लाज वाटली.

त्या ११ ऑगस्टच्या आदेशात पुढं २२ ऑगस्टला बदल झाला : नसबंदी आणि लस करून कुत्री होती तिथंच सोडा, रेबीज झालेली किंवा आक्रमक सोडून. वाद अजून चालू आहे, मीही बातम्या करतोच आहे. पण आता रस्त्यावरचं कुत्रं दिसलं की मी आधी त्याच्या गळ्याकडं बघतो. आपल्या गावात स्टँडमागं, बायपासला, गळ्यात पट्टा असलेली कुत्री दिसतात. पट्टा काही रस्त्यावर उगवत नाही. कुणीतरी हौसेनं आणलेलं असतं. मग ते रडायला लागतं, शेजारी तक्रार करतात, घाण होते, आणि एक दिवस गाडीत घालून चार किलोमीटरवर सोडलं जातं. तेच उद्या कुणाच्या तरी लेकराच्या मागं धावतं आणि आपण नगरपरिषदेला शिव्या देतो.

आपल्या आजी-आजोबांच्या काळी वाड्यात दुपारी कुणी ना कुणी असायचं. आता आपली घरं दहा ते पाच कुलपात असतात. त्यात वाईट काही नाही, पोटासाठी जावं लागतं. पण कुत्र्याला ते कसं कळणार?

त्या मित्राला मी शेवटी एवढंच कळवलं : आठ दिवस दुपारी एकला घरी येऊन बघ. स्वतःसाठी ये, जेवायला ये. आठही दिवस जमलं तर मला फोन कर, पिल्लू मी शोधून देतो. लसीला बरोबर येतो. तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस चुकवायची नाही, हेही तेव्हाच सांगेन.

अजून फोन आलेला नाही. आला नाही तरी चालेल.

तुमच्या गल्लीत दुपारी असं कुणी रडत असेल तर काकूंसारखं जाऊन सांगा. समोरचा माझ्यासारखा मान वर न करता "बघतो" म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगा.