संगणकाचा पंखा

रात्री आमच्या घरात दोघेच जागे: मी आणि माझा संगणक. मी गुण भरीत बसतो; तो घरघरतो. "ही गिरणी केव्हा बंद व्हायची? हिच्यापुढे घरातले काही ऐकू येत नाही!" असे सौभाग्यवतींनी बजावले, तेव्हा मात्र मी स्क्रू-ड्रायव्हर हाती घेतला.

पेटी उघडली. प्रोसेसरवरच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यांत धुळीचा चक्क नमदा! हवेला वाट नाही म्हणून उष्णता, आणि उष्णता म्हणून पंख्याची धावपळ. पंखा बोटाने धरून ब्रशने धूळ झाडली, वाळलेला लेप पुसून नवा लावला. मागचा 92 मिलिमीटरचा पंखा काढून 120 मिलिमीटरचा, रबरी खुंट्यांवर बसवला. मोठा पंखा सावकाश फिरूनही तितकीच हवा ओढतो. आणि फेरे निम्मे झाले की आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो. (मराठीच्या मास्तराला हे गणित चाळिशीनंतर कळावे!)

त्या रात्री घर अगदी निःशब्द होते. अकराच्या सुमारास पलीकडच्या खोलीतून खोकला ऐकू आला. उशीत दाबलेला, थांबून थांबून येणारा.

"आई, अगं, कधीपासून हा?"

"झाला महिना. तू कामात असायचास."