बोरमाळ

५ मार्च २०२५, बुधवार. नांदेड

संध्याकाळच्या मिस्सेला कपाळावर राख लावून घेतली. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी घरी नेलेल्या झावळ्या परत आणून दिल्या होत्या, त्यांचीच ही राख.

उपवासकाळ सुरू झाला. या काळात मी वर्षातून एकदा पापनिवेदन करते. निदान एकदा करावंच, हा नेम १२१५च्या लॅटरन धर्मपरिषदेनं घालून दिला. दर वर्षी त्यात एक वाक्य ठरलेलं असतं: बहिणीशी खोटं बोलले. पुढं काही सांगत नाही.

१६ मार्च, रविवार

आमचं माहेर श्रीरामपूरकडचं. सप्टेंबरात माय आम्हा दोघींना हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला न्यायची. लिंबाखाली खुर्ची टाकून फादर बसलेले, समोर लांब ओळ. ना पेटी, ना जाळी. पापनिवेदन झालं की माय गर्दीत धाकट्या चुलतीला शोधत फिरायची. वर्षभर दोघींचा अबोला असला तरी त्या दिवशी एका पोत्यावर बसून भाकरी खायच्या. लहानपणी मला वाटायचं, तो यात्रेचाच एक विधी आहे.

शेवटच्या आजारात माय म्हणाली होती, बोरमाळ धाकट्या बहिणीच्या लेकीला दे. ऐकायला खोलीत मी एकटीच होते. मातीनंतर धाकटीनं माळेचं विचारलं, तर मी म्हणाले, मायनं मला दिली. नऊ वर्षं झाली.

२८ मार्च, शुक्रवार

आज आणि उद्या ‘प्रभूसाठी चोवीस तास’. पापनिवेदनासाठी चर्च उघडं ठेवतात. २०१४ साली हे पहिल्यांदा झालं, तेव्हाही २८ मार्चच होता. पोप फ्रान्सिस सेंट पीटर्समध्ये लोकांची पापनिवेदनं ऐकायला निघाले होते. आधी वळले आणि दुसऱ्याच एका पुरोहितापुढं स्वतः गुडघे टेकले. तो फोटो कापून मी बायबलमध्ये ठेवला आहे.

आमच्याकडं जाळी आहे, पण इनमीन चार घरांत तिचा काय उपयोग? फादर आवाजावरून ओळखतात. १९७३च्या सुधारित विधीपासून समोरासमोर बसूनही सांगता येतं. आज मी खुर्ची ओढून समोर बसले.

“बहिणीशी खोटं बोलले,” म्हणाले आणि थांबले. फादरही गप्प राहिले. मग म्हणाले, “कशाबद्दल?”

“मायच्या बोरमाळेबद्दल. नऊ वर्षं झाली.”

“माळ आता कुठं आहे?”

“माझ्या कपाटात.”

“मग ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट नाही, बाई.”

माळ जिची तिला, लातूरला धाकटीच्या घरी, नेऊन द्यायची आणि खरं सांगायचं, एवढंच प्रायश्चित्त. नेऊन देईपर्यंत ते थांबले नाहीत, हात पुढं करून तिथंच पापक्षमा दिली. सुरुवातीच्या शतकांत उलटं असे: मोठ्या पापाचं प्रायश्चित्त चारचौघांदेखत, कधी वर्षानुवर्षं, आणि क्षमा शेवटी. मला आताचंच जड वाटतं. क्षमा मिळाली आणि माळ अजून कपाटात.

बाहेर फाटकाशी फादर भेटले. “पोराची दहावी कशी गेली?” बस्स. पापनिवेदनाची गुप्तता मोडणाऱ्या पुरोहिताला धर्मबहिष्काराची शिक्षा आहे. पण ती गुप्तता माझ्यापुढंही पाळायची असते, आपणहून तो विषय त्यांनी माझ्याकडंसुद्धा काढायचा नसतो, हे आज कळलं. म्हणजे ‘गेलीस का लातूरला?’ असं मला कुणीच विचारणार नाही.

३० मार्च, रविवार. पाडवा

शेजारच्या काकूंनी साखरेची गाठी दिली. चर्चमध्ये आज उधळ्या पुत्राचा दाखला होता. इतक्यांदा ऐकूनही एक गोष्ट सुटली होती: तो पोरगा वाटेनं वाक्य घोकत येतो, त्यात ‘मला चाकर म्हणून ठेवा’ असंही असतं, आणि बाप त्याला तिथपर्यंत पोचूच देत नाही. थोरला भाऊ मात्र बाहेरच उभा. बाप विनवतो, पण तो आत गेला की नाही, ते येशूनं सांगितलेलं नाही.

मीही वाक्य घोकते आहे. आमच्यात थोरली मी. पण दाराबाहेर धाकटीच थांबली तर?

५ एप्रिल, शनिवार. लातूरहून परत

लोहा, अहमदपूर, चाकूर. बोरमाळ रुमालात, रुमाल पर्समध्ये, पर्स पोटाशी. अहमदपूरला उतरून परतीची एसटी धरावी, असंही वाटलं.

धाकटीनं वाक्य पुरं होऊ दिलं. मध्ये एक शब्द बोलली नाही. दाजीच घाईनं म्हणाले, “जाऊ द्या अक्का, झालं गेलं गंगेला मिळालं.”

“गंगेला कुठं मिळालं?” धाकटी म्हणाली. “अक्काच्या कपाटात होतं.”

माळ ओंजळीत घेऊन तिनं मणी मोजले. लहानपणी मायच्या मांडीवर बसून ती असेच मोजायची. “एक कमी हाय.”

मला ते माहीतही नव्हतं. मी माळ कधी गळ्यात घातलीच नाही.

मग तिनं भाकरी वाढली, शेंगदाण्याची चटणी, वरण. ‘माफ केलं’ असं काही म्हणाली नाही. मीही मागितलं नाही, ते मागण्यासारखं वाटलं नाही. लेकीला हाक मारून तिनं माळ दाखवली आणि कुणी आणली ते सांगितलं. कुणी ठेवली होती, ते सांगितलं नाही.

१३ एप्रिल, रविवार. झावळ्यांचा रविवार

नवी झावळी क्रुसामागं खोवली.

फादर परवाही भेटले होते, तेव्हा पाणीटंचाईवर बोलले. आज मीच म्हणाले, “फादर, लातूरला जाऊन आले.”

“बहीण कशी आहे?”

“मणी मोजले तिनं. एक कमी निघाला.”

ते हसले नाहीत. “शोधा,” म्हणाले.

दुपारभर कपाट उपसलं. खण काढून उपडा केला, कागद झटकले, खालची फरशी बॅटरी लावून पाहिली. नाही सापडला. संध्याकाळी धाकटीला फोन केला, सोनाराकडून तसाच घडवून आणते म्हणाले.

“तसाच म्हंजे कसा? तुला आठवतो का?” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “येशील तवा मायचा तो यात्रेतला फोटो घेऊन ये. त्यात माळ नीट दिसती.”